नाशिक की कोल्हापूर?

मुंबई सोडण्याची भाषा मुंबईत जितकी ऐकू येते, तितकी दुसऱ्या कोठेही येत नसेल. सकाळच्या गाडीत पाय टेकावयास जागा मिळाली नाही, की शेजारचा गृहस्थ सुस्कारा टाकून म्हणतो, "बस्स झालं आता! कुठंतरी लहानशा गावात घर बघायचं आणि स्वस्थ पडायचं." संध्याकाळी पाहावे तो तोच गृहस्थ त्याच गाडीत त्याच कडीला लोंबकळत असतो. अशी भाषा बोलणाऱ्यांत गेली वीस वर्षे मीही होतो आणि घरात माझ्या बोलण्याकडे कोणी फारसे लक्ष देत नसे. महागाई, पाऊस आणि मुंबई सोडणे हे मुंबईकराचे बोलावयाचे विषय आहेत. त्यांतल्या कशावरही काही करावयाचे नसते.

वाचकहो, या पानावर आपण वर्षभर बारीकसारीक गोष्टींच्या गप्पा मारतो. दिवाळीच्या अंकात संपादक मला जरा ऐसपैस बसू देतात. तेव्हा आमच्या घरात गेले दोन महिने ज्या एकाच विषयाने ठाण मांडले होते, तो आज तुमच्यापुढे मांडतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तो आज ना उद्या निघणार आहे. तो निघाला म्हणजे लोक काय काय तोलून पाहतात, आणि तोलावयाचे खरे काय असते, याविषयी मला चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आमची हकीकत थोडक्यात अशी. गिरगावातली आमची चाळ नवी इमारत बांधण्यासाठी पाडली. तीन वर्षांत नव्या घराची किल्ली हातात ठेवू असे सांगणाऱ्यांनी पाचव्या वर्षीही आम्हांला नुसता पायाच दाखवला आहे. मिळणाऱ्या भाड्यात गिरगावात जिन्याखालची जागाही मिळेना, म्हणून डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केले. मी आणि आमच्या सौभाग्यवती रोज गाडीने मुंबईला. मी कॉलेजात, त्या बँकेत. चिरंजीव नववीत. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई दिवसभर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत. इमारतीला लिफ्ट आहे. पण ती आईपेक्षाही थकलेली असल्यामुळे दोघींचा एकमेकींवर विश्वास नाही.

अशात दोन गावच्या कॉलेजांत मराठीची जागा निघाली. मी दोन्हीकडे अर्ज केले आणि दोन्हीकडून होकार आला. मराठीच्या अध्यापकाला एकाच वर्षी दोन ठिकाणांहून बोलावणे यावे, हा योग सिंहस्थाहूनही दुर्मीळ. सिंहस्थ निदान बारा वर्षांनी येतो तरी. सौ.च्या बँकेच्या शाखा दोन्ही गावी आहेत आणि बदली मागितली तर मिळण्यासारखी होती. एक गाव नाशिक, दुसरे कोल्हापूर. उत्तर देण्यास मुदत दोन महिन्यांची.

आता नाशिक आणि कोल्हापूर या दोन गावांची नावे चार मराठी माणसांत एका दमात उच्चारावीत आणि गंमत पाहावी. लग्नासाठी दोन मुली सांगून आल्यासारखे लोक मते देतात. "नाशिकची हवा!" असे म्हणून एकाने डोळे मिटले. "कोल्हापूरचं पाणी!" असे म्हणून दुसऱ्याने मिशीवर हात फिरवला. मिसळीवरून तर आमच्या स्टाफरूममध्ये हातघाईवर येण्याची पाळी आली. नाशिकची मिसळ पापड आणि दह्यासकट यावयाची, कोल्हापूरची कटाच्या वाटीबरोबर आणि ब्रेडच्या स्लाईससंगे यावयाची. दोन्ही पक्षांचे म्हणणे असे, की समोरच्याने आजवर जे खाल्ले ती मिसळच नव्हे. या वादात भूगोलाच्या अध्यापकांनी तोंड घातले तेव्हा ते सोलापूरचे आहेत हे ध्यानात आले आणि दोन्ही पक्ष त्यांच्यावर उलटले.

घरात सौ.नी कामाला शिस्त आणली. त्यांनी कागदाच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडे नाशिक, उजवीकडे कोल्हापूर. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला जमा-नावे केल्याशिवाय चैन पडत नाही. पहिली नोंद लोकसंख्येची झाली. २०११ च्या जनगणनेत नाशिक १४ लाख ८६ हजार, कोल्हापूर साडेपाच लाखांच्या आसपास. नाशिक महानगरपालिका झाली १९८२ साली, कोल्हापूरची तिच्याआधी दहा वर्षे, १९७२ साली. धाकटीने थोरलीला केव्हाच मागे टाकले. सातपूर-अंबडचे कारखाने, ओझरचा विमानांचा कारखाना, नाशिकरोडचे नोटांचे आणि तिकिटांचे छापखाने, मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ, असे म्हणता म्हणता नाशिक चहूकडे पसरले. शिवाय दर सिंहस्थाला त्याच्या पदरात नवे रस्ते आणि नवे पूल पडतात. २००३ चा झाला, २०१५ चा झाला, त्यानंतरचा २०२७ चा. कोल्हापूरची हद्दवाढ मात्र पिढ्यान्पिढ्या गाजते आहे, म्हणजे नुसती गाजतेच आहे. सौ. म्हणाल्या, "मुलगा उद्या इंजिनिअर झाला तर त्याला नोकरी कुठं मिळेल, हा विचार नको का करायला?"

मुलाचा विचार निराळा होता. पहिले चार दिवस तो कोणाशी बोललाच नाही. पाचव्या दिवशी त्याला कोठूनसे कळले, की कोल्हापूर हे फुटबॉलचे गाव आहे. क्रिकेटने सारा देश जिंकला, पण कोल्हापूरच्या पेठा आणि तालमी त्याला शरण गेल्या नाहीत. तेथे तालमी-मंडळांचे स्वतःचे फुटबॉल संघ आहेत आणि सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमवर तोबा गर्दी उसळते. ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचे मैदान बांधले, त्या गावाला खेळाकडे खेळ म्हणून पाहताच येत नाही. त्यात घराण्याची अब्रू गुंतलेली असते. झाले! चिरंजीवांनी उजवीकडच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत 'फुटबॉल' लिहिले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

माझे मन कोणीकडे होते हे सांगावयास हवे. ते कोल्हापूरकडे होते. मराठी शिकवणाऱ्या माणसाला कोल्हापूरची मराठी कानांवर पडली म्हणजे पाठ्यपुस्तक मिटून ठेवावेसे वाटते. मुलाखतीला गेलो त्या दिवशी रिक्षावाल्याने मला पहिल्या वाक्यातच 'भावा' करून टाकले. भाजी विकणारी बाई शेजारणीला सांगत होती, "मी मगाशीच आलो की!" स्त्रीने 'आलो' म्हणावे आणि ते कानाला गोड वाटावे, हे व्याकरणाच्या कोणत्या नियमात बसते? गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दुधाचा पेला हातात देतात. तो पिऊन माणसाला उगीचच आपणही पैलवान आहोत असे वाटू लागते. अशा गावी भाषेचा तास घेणे म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पाण्याविषयी बोलण्यासारखे आहे. तेथे तहानेची उदाहरणे द्यावी लागत नाहीत.

नाशिकची मराठी त्या मानाने शांत. पण जिल्ह्याच्या उत्तरेला अहिराणीचा वारा लागतो आणि बाजाराच्या दिवशी तो शहरातही येतो. दोन गावच्या वाचनालयांकडे पाहून तर मी चक्रावलो. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळाले ते १९७४ चे, वि. स. खांडेकरांना, म्हणजे कोल्हापूरला. दुसरे १९८७ चे, कुसुमाग्रजांना, म्हणजे नाशिकला. ना. सी. फडके आणि माधव जूलियन राजाराम महाविद्यालयात शिकवीत. वसंत कानेटकर नाशिकच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवता शिकवता मराठी नाटके लिहीत. म्हणजे या बाबतीत दोन्ही पारडी सारखी.

पण ही नावे कागदावर मांडताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. खांडेकर कोल्हापूरचे नव्हेत. ते जन्मले सांगलीला, अठरा वर्षे शिक्षकी केली शिरोड्याला, आणि कोल्हापुरात आले ते १९३८ साली, सिनेमाच्या निमित्ताने. कुसुमाग्रजांचा जन्म पुण्याचा. कानेटकर रहिमतपूरचे. आज ज्यांच्यामुळे ही गावे छाती फुगवून बोलतात, ती माणसे बाहेरून बिऱ्हाड घेऊन आलेली आहेत. गाव बदलणे हा काही अलीकडचा रोग नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत केला आणि त्याच वर्षी, १९१३ साली, आपला कारखाना नाशिकला हलवला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली सामानसुमान बांधून पुण्याला गेली. त्या मंडळींनीही एखाद्या संध्याकाळी कागदाच्या मधोमध रेघ ओढलीच असेल. त्यांची मोजमापे निराळी होती इतकेच: जागा, प्रकाश, भांडवल. प्रत्येक बिऱ्हाडाला आपले मोजमाप आपणच शोधावे लागते, आणि ते बहुधा रकान्यांत बसत नाही.

आम्ही मात्र अजून रकान्यांतच होतो. पाण्याची पाळी आली. नाशिक गंगापूर धरणाचे पाणी पिते. कोल्हापूरला पंचगंगेच्या पाण्याविषयी फार तक्रारी होत्या. पुष्कळ वर्षे रखडलेल्या नळयोजनेतून काळम्मावाडी धरणाचे पाणी शहरात आले ते २०२३ च्या दिवाळीत, आणि कित्येकांनी त्या दिवाळीचे अभ्यंगस्नान त्याच पाण्याने केले. पिण्याच्या पाण्यानंतर पुराचे पाणी. नाशिकला रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. गोदावरीला पूर आला, की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, अशी बातमी गावभर होते. कोल्हापूरचा हिशोब फुटांचा. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली म्हणजे इशारा, ४३ फुटांवर गेली म्हणजे धोका. आणि राधानगरीचे आपोआप उघडणारे सात दरवाजे किती उघडले, हे तेथे शाळेतली पोरेसुद्धा तोंडपाठ सांगतात. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांचे पूर तेथल्या घराघरांत पंचांगासारखे सांगितले जातात. २०१९ आणि २०२१ साली तर शिरोलीपाशी महामार्गावर पाणी आले आणि कित्येक दिवस वाहतूक थांबली. सौ.नी ही नोंद लिहिली, पण तिच्यापुढे शेरा काही मारला नाही. पुढे तीच नोंद सर्वांत महत्त्वाची ठरावयाची होती.

एक गोष्ट कोल्हापूरच्या रकान्यात लिहिता येईना, पण ती मनातून जाईना. १९१५ सालचे तिथले नाट्यगृह, ज्याला पुढे केशवराव भोसल्यांचे नाव दिले, ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळाले. त्या रात्री लोक रस्त्यावर उभे राहून रडले. एका इमारतीसाठी सबंध गाव रडते, अशी गावे आता किती उरली? गिरगावातली आमची चाळ पाडली तेव्हा आम्ही चाळीस बिऱ्हाडे रडलो. पलीकडच्या गल्लीला पत्ताही नव्हता.

असा महिना गेला. कागद दोन्ही बाजूंनी भरला आणि निकाल लागेना. नाशिकला थंडी, तर कोल्हापूरला रंकाळा. नाशिकला द्राक्षे, तर कोल्हापूरला गूळ. काळाराम मंदिर एकीकडे, अंबाबाई दुसरीकडे. दोन चांगल्या गोष्टींची तुलना गुणांची बेरीज करून होत नसते; तशी होत असती, तर लग्ने जुळवणाऱ्यांचा धंदा बँकेच्या कारकुनांनी केव्हाच बळकावला असता.

या सगळ्यांत आईला कोणी विचारले नव्हते. मुद्दाम नव्हे, म्हाताऱ्या माणसाला देऊळ जवळ असले म्हणजे झाले, अशी आपली एक समजूत असते. अंबाबाईच्या पायांशी सूर्याची किरणे येतात तो किरणोत्सव पाहावयास मिळेल, असे मी तिला एकदा सांगितलेही होते. ती "हो का?" एवढेच म्हणाली होती. एका संध्याकाळी तिच्या खिडकीपाशी बसून मी विचारले, "आई, तुला काय वाटतं? नाशिक की कोल्हापूर?"

ती माझ्याकडे जराशी नवलाने पाहू लागली. "मला विचारतोस?" ती म्हणाली. "गावाचं मला आजवर कुणी विचारलं नाही. लग्न ठरलं, गिरगावात आले. चाळ पाडली, इथं आले. तुम्ही न्याल तिथं यायचं, एवढंच मला ठाऊक."

"म्हणूनच विचारतोय."

त्या दिवशी ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी मी चहा घेत असता तिने आपण होऊन विषय काढला.

"अरे, माईचा फोन आला तर नाशिकहून किती वेळात पोचेन मी?"

माई म्हणजे आईची धाकटी बहीण, दादरला असते. गेल्या वर्षापासून तिच्या छातीचे दुखणे आहे. मी म्हटले, "चार तास धर. कसाऱ्याच्या घाटाला आता बगलही मिळाली आहे."

"आणि कोल्हापूरहून?"

"रात्रीची गाडी मिळाली तर सकाळी."

"आणि गाडी गेल्यावर फोन आला तर?"

"मग मोटारीनं. आठ-नऊ तास."

"आणि पावसात रस्त्यावर पाणी असलं तर?"

मी गप्प राहिलो. शिरोलीची ती नोंद मला आठवली. आईने कप खाली ठेवला. "चाळीत कुणी गेलं, तर न्यायच्या आत सगळी पोचलेली असायची," ती म्हणाली. "मला देऊळ कुठलंही चालेल रे. पण माई गेली तर तिचं तोंड बघायला मिळावं. आणि मी आधी गेले, तर तिला माझं मिळावं. तीही चौऱ्याहत्तरची आहे. तिला कोण रात्रभर प्रवास करू देईल?"

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि तो कागद घेऊन आल्या. मला वाटले, त्यावर आता काहीतरी लिहितील. त्यांनी तो शांतपणे घडी करून पोळपाटाखाली ठेवून दिला.

वाचकहो, आम्ही नाशिक निश्चित केले आहे. पण मला सांगावयाचे आहे ते निराळेच. नाशिक कोल्हापूरपेक्षा चांगले ठरले असे मुळीच नाही. आईने जे मोजले ते गाव नव्हतेच. आपण मुंबईपासून किती सुटू शकतो, हे तिने मोजले. मुंबईहून नाशिक पावणेदोनशे किलोमीटरच्या आत, कोल्हापूर त्याच्या दुपटीहून अधिक. हे आकडे आम्ही पहिल्याच दिवशी लिहिले होते आणि पेट्रोलचा खर्च काढून पुढे गेलो होतो. अंतर म्हणजे पेट्रोल असे आम्हांला वाटले. आईच्या लेखी अंतर म्हणजे फोन आल्यापासून माणूस नेईपर्यंतचा वेळ. दोन लहान शहरांतून एक निवडणारा माणूस त्या दोन शहरांकडे पाहत राहतो आणि सोडावयाच्या तिसऱ्या शहराकडे त्याचे लक्षच नसते. वास्तविक पहिला प्रश्न तिसऱ्याचा. मुंबई किती सोडावयाची आहे? सगळी, की थोडी?

ज्यांना सगळी सोडावयाची असेल, ज्यांची माणसे मुंबईत उरली नसतील, किंवा त्यांनाही बरोबर नेता येत असेल, त्यांनी कोल्हापूरला जावे असे मी छातीवर हात ठेवून सांगेन. कोल्हापूरला राहून मुंबईत नोकरी करता येत नाही, दर शनिवारी मुंबईला पळता येत नाही. त्यामुळे तिथे गेलेला माणूस दोन-चार वर्षांत कोल्हापूरचा होतो. त्याला व्हावेच लागते. पेठ त्याला ओळखू लागते, सामन्यात तो कोणत्या तालमीचा हे ठरून जाते. दूरच्या गावाचा हा मोठा गुण आहे, की ते माणसाला अर्धवट राहू देत नाही.

नाशिकचा धोका नेमका उलटा. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाऊन रात्री घरी परतणारी पासधारक मंडळी नाशिकला पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांच्या चिकाटीपुढे मी हात जोडतो. पण २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा खुला झाला, घाटाखाली जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा झाला, आणि मुंबई आणखी जवळ आली. इतकी जवळ, की ती सोडल्यासारखे वाटू नये. दवाखाना मुंबईचा, नाटक मुंबईचे, लग्नाची खरेदी मुंबईची, आणि नाशिकला नुसते झोपावयाचे, असे जिणे तेथे सहज जगता येते. तसे झाले म्हणजे माणूस मुंबईचा राहत नाही आणि नाशिकचा होत नाही. म्हणून आम्ही घरात एक ठरवून टाकले आहे: मुंबईला जावयाचे ते माणसांसाठी, वस्तूंसाठी नाही. हा नियम किती दिवस टिकतो ते साड्यांच्या सेलवर अवलंबून आहे, असे चिरंजीवांचे मत आहे. त्यांच्या फुटबॉलची नुकसानभरपाई म्हणून सुट्टीत कोल्हापूरला सामने पाहावयास नेण्याचे वचन मला लेखी द्यावे लागले.

गाव ठरले तरी प्रश्न संपत नाही, हेही ज्यांच्यावर पाळी येणार आहे त्यांना सांगून ठेवतो. नाशिकरोडचे स्टेशन जुन्या गावापासून नऊ-दहा किलोमीटर. स्टेशनाजवळ राहावे, तर गावापासून दूर. गावात राहावे, तर रात्री-अपरात्री गाडी पकडणे कठीण. नव्या वसाहतींत घरे मोठी आणि हवेशीर मिळतात, पण कोथिंबिरीच्या जुडीसाठीही गाडी काढावी लागते. या वेळी मात्र आम्ही कागदावर रेघ ओढली नाही. आईला बरोबर घेऊन गेलो. जे घर पाहावे त्याच्या दारातून तिने एकटीने निघावयाचे, वाण्याकडे आणि जवळच्या देवळात जावयाचे, आणि परत यावयाचे. आम्ही मागे राहून पाहावयाचे. दोन घरांत ती रस्ता ओलांडण्यापाशीच अडली. तिसऱ्या ठिकाणी ती गेली, आणि वीस मिनिटे झाली तरी येईना. मी घाबरून निघालो, तर ती वाण्याच्या दुकानासमोर एका म्हाताऱ्या बाईंशी बोलत उभी. त्या बाईही मुलाच्या बदलीमुळे चार वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलेल्या. तेच घर आम्ही घेतले. खोल्या लहान आहेत आणि उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत तापेल असे दिसते. पण तळमजला आहे.

घेतले म्हणजे भाड्याने घेतले. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्याशिवाय विकत घेण्याचे नाव काढावयाचे नाही, हा सौ.चा हुकूम आहे आणि तो मला पटतो. हिवाळ्यात नाशिक पाहून कोणीही मोहात पडेल. निफाडचा पारा वर्तमानपत्रात छापून येतो तेव्हा डोंबिवलीत घाम पुसणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते. गाव पाहावयाचे ते मे महिन्यात दुपारी दोन वाजता, किंवा जुलैत चार दिवस झड लागलेली असताना. पाहुणचाराच्या दिवसांत पाहिलेली मुलगी आणि थंडीत पाहिलेले गाव, दोहोंची खरी ओळख पुढे व्हावयाची असते.

माईला ही बातमी सांगण्यास आम्ही दादरला गेलो. आईने तिला गाडीच्या वेळा सांगितल्या. त्या तिने माझ्याकडून कागदावर लिहून घेतल्या होत्या. दोघी बहिणी खिडकीशी बसून तो कागद वाचत होत्या. माई म्हणाली, "म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परतसुद्धा येता येईल की!" आणि मग त्यांनी ठरवून टाकले, की पुढल्या भाऊबिजेला सगळ्या भावंडांनी नाशिकलाच जमावयाचे.

तेव्हा मंडळी, पुढील वर्षापासून या पानाचा मजकूर संपादकांकडे नाशिकहून येईल. तुमच्यापैकी जे कोणी अशाच दोन गावांच्या मध्ये उभे असतील, त्यांनी आपले रकाने जरूर भरावेत. हवा, पाणी, शाळा, भाडे, सारे लिहावे. फक्त रेघ ओढण्यापूर्वी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला विचारावे, की तुला कोणाकडे आणि किती वेळात पोचावे लागेल. त्याचे उत्तर कदाचित तुम्हांला कोल्हापूरला नेईल, कदाचित नाशिकला, कदाचित तुम्ही आहात तेथेच ठेवील. दिवाळी सुखाची जावो.